किंमत चार हजार, नुकसान हंगामाचे

प्रति,
मा. पोलीस महासंचालक,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



गहू पेरून वीस दिवस झालेले असतात. पहिले पाणी द्यायचे असते. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची असते, म्हणून शेतकरी जेवण उरकून, कानाला मफलर गुंडाळून, बॅटरी घेऊन विहिरीवर जातो. पेटी उघडून हिरवे बटण दाबतो. मोटार उचलत नाही. फ्यूज बघतो, फेज बघतो, पुन्हा बटण दाबतो. मग बॅटरीचा झोत खाली जातो आणि दिसते, की पेटीतून निघून विहिरीत उतरणारी केबल जागेवर नाही. पेटीशी हातभर तुकडा लोंबतो आहे आणि खाली पाण्याच्या अंगाला दुसरा. मधले सगळे गेले.

सकाळी तो ठाण्यात येतो. तिथे त्याला तीन प्रश्न विचारले जातात. केबल किती फूट होती? बिल आहे का? किंमत किती? बिल नसते. पाच-सहा वर्षांपूर्वी तालुक्याच्या दुकानातून आणलेल्या केबलचे बिल कोण जपून ठेवतो? किमतीचा तो अंदाज सांगतो, चार-साडेचार हजार. एका कागदावर तक्रार अर्ज लिहून घेतला जातो, ‘बघतो आम्ही’ असे सांगितले जाते, आणि तो उधारीवर नवी केबल मिळते का ते पाहायला बाजारपेठेकडे वळतो.

रानात काय उभे आहे, हे त्याला कुणी विचारलेले नसते.

गव्हाचे गणित असे, की पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांत त्याला मुकुटमुळे फुटतात. त्या वेळचे पाणी चुकले, तर फुटवे कमी राहतात, आणि पुढे कितीही पाणी दिले तरी ती तूट भरून येत नाही. केबल आणायला चार दिवस, वायरमन मिळायला दोन दिवस, मोटार वर काढून पुन्हा सोडायला एक दिवस. तेवढ्यात ती वेळ निघून जाते. चोराला तांब्याचे जे काही पैसे मिळाले असतील ते मिळोत. शेतकऱ्याचे एकरी उत्पन्न तिथेच खाली आले. ठाण्यातल्या कागदावर मात्र चार हजारांचा आकडा राहतो. हे पत्र त्या न विचारलेल्या चौथ्या प्रश्नासाठी आहे.

महोदय, हा प्रश्न केवळ सहानुभूतीचा असता, तर एवढे मोठे पत्र लिहिण्याची गरज नव्हती. तो कायद्याचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. त्याच कलमात एक सवलत आहे. मालाची किंमत पाच हजारांच्या आत असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा मालाची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावी. या सवलतीमागचा हेतू चांगला आहे. एका चुकीपायी एखाद्या पोराचे आयुष्य तुरुंगात जाऊ नये, असे कुणालाही वाटेल. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत ही पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र ठरवली आहे. अदखलपात्र म्हणजे ठाण्याच्या वहीत नोंद होणार, तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगितले जाणार, आणि त्यांच्या आदेशाशिवाय तपास होणार नाही.

आता विहिरीवरची केबल घ्या. चोर कोण हे माहीत नाही. तो पहिल्यांदाच सापडणार आहे की दहाव्यांदा, हे माहीत नाही. माल परत करील की नाही, हेही नाही. तरीही केवळ किमतीच्या आकड्यावरून, तपास सुरू होण्याआधीच, ही चोरी सवलतीच्या खणात टाकली जाऊ शकते. एका शिवारात एकाच रात्री सात विहिरींवरच्या केबली कापल्या जातात आणि सात शेतकरी सात वेगळे अर्ज घेऊन येतात. प्रत्येकाचा आकडा पाच हजारांच्या आत. सातही एकत्र मांडले, तर ती एका टोळीची तीस हजारांची चोरी आहे, हे कागद सुटे ठेवल्यावर कुणालाच दिसत नाही.

आणि कायद्यात शेतकऱ्याच्या बाजूचे शब्द नाहीत, असे मुळीच नाही. न्याय संहितेचे कलम ३२६ वाचावे. शेतीसाठीचा पाणीपुरवठा कमी होईल असे नुकसान जो करतो, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यात कापलेल्या वस्तूची किंमत विचारलेली नाही. पाणी घटले का, एवढेच विचारले आहे. विहिरीवरची केबल कापणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे पुरते ठाऊक असते. तसेच कलम ३०५. राहत्या घरातली किंवा मालमत्ता ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतली चोरी असेल, तर शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि तिथेही किमतीची अट नाही. मोटारीची कुलूपबंद खोली, अवजारांची खोली, धान्याचे कोठार या मालमत्ता ठेवण्याच्याच जागा आहेत. यातले काहीही नव्या कायद्याने जन्माला घातलेले नाही. १८६० च्या दंड संहितेत ही कलमे ४३० आणि ३८० या क्रमांकांनी होतीच. दीडशे वर्षे शेतीचे पाणी कायद्याच्या पुस्तकात सुरक्षित राहिले आहे. ठाण्याच्या टेबलावर ते पोहोचायचे आहे.

म्हणून पहिली मागणी अगदी साधी आहे. आपल्या सहीचे एक परिपत्रक निघावे. विहीर, बोअर, शेततळे, उपसा योजना यांवरची मोटार, केबल, स्टार्टर किंवा पाइप चोरीला गेला, तर ठाणे अंमलदाराने फक्त किंमत लिहून थांबू नये. कोणत्या पिकाला पाणी चालू होते, किती क्षेत्र, पाणी किती दिवस बंद पडले, हे फिर्यादीत लिहावे आणि कलम ३०३ बरोबर ३२६ व ३०५ यांपैकी लागू पडणारे कलम लावावे. कलम ३२६ लागले की गुन्हा दखलपात्र होतो, आणि दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर प्रथम खबरी अहवाल (एफआयआर) नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिताकुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगून ठेवले आहे. ‘तक्रार अर्ज’ नावाच्या कागदाला त्यानंतर अशा प्रकरणात जागा उरत नाही.

एफआयआर हवा तो केवळ चोर सापडावा म्हणून नव्हे. सौर कृषिपंपाचे उदाहरण पाहा. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकरी दहा टक्के रक्कम भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी पाच टक्के, आणि संचाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी व विमा मिळतो. माळावर उघड्यावर उभी असलेली ही पॅनेले चोरीला गेली, तर विम्याचा दावा करायला पहिला कागद लागतो तो एफआयआरचाच. तो कागद नसेल, तर सरकारने दिलेला विमा सरकारच्याच एका ठाण्याच्या दारात अडकतो.

चोरीला जाणाऱ्या वस्तूपेक्षा तिच्यावाचून थांबणारी गोष्ट मोठी असते, हे जितके कोल्हापुरी बंधाऱ्यावर दिसते तितके क्वचितच कुठे दिसत असेल. पावसाळ्यात पुराला वाट मिळावी म्हणून या बंधाऱ्यांचे लोखंडी दरवाजे काढून काठावर रचून ठेवतात. कुठे त्यांना बर्गे म्हणतात, कुठे ढापे. पावसाळा सरताना नदीचे शेवटचे वाहते पाणी अडवायला ते पुन्हा बसवायचे असतात. मधल्या महिन्यांत ते काठावर पडून असतात, राखायला कुणी नसते, आणि टेम्पो लावून भंगारासाठी उचलले जातात. मग बंधारा उभा असतो, खांब उभे असतात, आणि पाणी मधून निघून जाते. काठावरच्या सगळ्या विहिरींची उन्हाळ्यातली पातळी त्या लोखंडाबरोबर भंगारात जाते. अशा चोरीची किंमत किलोच्या दराने लिहायची असेल, तर ती न लिहिलेली बरी.

रोहित्राचेही तेच. गावाकडे त्याला डीपी म्हणतात. एका डीपीवर दहा-वीस मोटारी चालतात. रात्री कुणीतरी तेल काढून घेते, आतल्या तारेच्या गुंडाळ्या उचलते आणि सांगाडा खाली टाकून जाते. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३६ मध्ये वीजवाहिन्या आणि साहित्याच्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दुसऱ्यांदा सापडल्यास किमान सहा महिने आणि पाच वर्षांपर्यंत. पण फिर्याद देते वीज कंपनी, कारण मालमत्ता तिची. ज्यांची पिके वाळली, ते दहा-वीस शेतकरी त्या गुन्ह्यात साक्षीदार म्हणूनसुद्धा नसतात. त्यांचे जबाब घेतले गेले, तर न्यायालयासमोर तेल आणि तारेपेक्षा मोठे चित्र उभे राहील.

शेतमालाची चोरी याहून वेगळ्या चालीने होते. चोर बाजारभाव बघून येतो. २०१९ च्या अखेरीस कांदा किरकोळ बाजारात शंभरी पार गेला, तेव्हा कांदा पिकवणारी माणसे चाळीपाशी खाटा टाकून झोपू लागली. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोला सोन्याचा भाव आला, आणि पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात एका शेतकऱ्याचे दारात रचून ठेवलेले २० क्रेट, सुमारे ४०० किलो टोमॅटो रात्रीतून गेले. सकाळी बाजारात न्यायचे म्हणून संध्याकाळी तोडून ठेवलेला तो माल होता. त्याच हंगामात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने आधी थोडे टोमॅटो चोरीला गेल्यावर २२ हजार रुपये खर्चून थेट शेतात कॅमेरा बसवला. वर्तमानपत्रांनी ती बातमी कौतुकाने छापली. खरे तर ती काळजीची बातमी होती. ज्या पिकाला चार वर्षांतून एकदा भाव मिळतो, त्या एका वेळेला राखण करायची जबाबदारी आणि खर्च दोन्ही शेतकऱ्याने एकट्याने उचलले.

कोणत्या महिन्यात काय चोरीला जाणार, हे इतके आधी कळत असेल, तर गस्तीचे वेळापत्रकही त्यावर बेतता येईल. कापूस वेचून घरात येतो तेव्हा, द्राक्षे आणि डाळिंबे उतरतात तेव्हा, सोयाबीनच्या थैल्या खळ्यावर असतात तेव्हा कोणता रस्ता रात्री बघायचा, हे बीट अंमलदाराला बाजार समितीचा भाव आणि कृषी खात्याचा एक फोन सांगू शकतो. शेतीच्या विजेचे वेळापत्रकही त्याच्या टेबलावर असावे. थ्री फेज बंद असते तेव्हाच केबल बिनधोक कापता येते. म्हणजे केबलचोराची वेळ महावितरणच्या तक्त्यात आधीच लिहिलेली असते.

आता बंद घरांकडे येऊ. कोकणातले चाकरमान्याचे घर गणपतीला उघडते, शिमग्याला उघडते, मे महिन्यात उघडते; बाकी वर्षभर त्याला कुलूप. आत सोने कुणी ठेवत नाही. आत असतात हंडे, घंगाळे, समया, परात, तांब्याचा बंब आणि देव्हाऱ्यातले टाक. दारे उचकटून हे सगळे तांब्या-पितळेच्या भावाने जाते, आणि चोरी झाल्याचे कळते ते तीन-चार महिन्यांनी, मुंबईहून गणपतीला आल्यावर. बीड जिल्ह्यात कुलपाचा काळ वेगळा. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या जोड्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. पाच-सहा महिने वस्तीवर फक्त म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे. गरिबाच्या घरातली चोरी लहान असते म्हणून ती हलकी नसते. एक शेळी गेली, म्हणजे त्या घराची बँक गेली.

शनिशिंगणापूरच्या घरांना दारे नाहीत, कुलपे नाहीत, ही श्रद्धा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण तिथेही २०११ मध्ये युको बँकेने शाखा उघडली, तेव्हा बाहेर कुलूप न दिसेल अशी दाराची व्यवस्था करावी लागली, आणि २०१५ मध्ये पोलीस ठाणे सुरू झाले. काळ बदलतो तसा बंदोबस्त बदलावा लागतो, हे त्या गावानेही मानले.

बंदोबस्ताचा विचार करताना जुनी व्यवस्था आठवते. गावोगावी जागले होते, रामोशी होते, येसकर होता. चोरी झाली की माग काढायचा, पाऊल शेजारच्या शिवारात गेले की तो माग त्या गावाच्या हवाली करायचा, आणि माग जिथे हरवला त्या गावाने जबाबदारी घ्यायची, अशी रीत होती. त्या व्यवस्थेत जातीचे ओझे होते, ज्यांनी रात्री जागून काढल्या त्यांना मान नव्हता, आणि ती परत यावी असे कुणीही म्हणू नये. रामोशांचे राखणीचे परंपरागत हक्क काढून घेतल्यावर काय होते, हेही याच मातीने उमाजी नाईकांच्या बंडात पाहिले. इंग्रजांनी त्यांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी फाशी दिली. पण मागाचे ते तत्त्व मोलाचे होते. हद्द बदलली म्हणून तपास संपत नसे. आज दोन ठाण्यांच्या शिवेवर चोरी झाली, तर शेतकऱ्याला अजूनही ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे ऐकावे लागते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने हद्द न पाहता फिर्याद घ्यायला सांगितली आहे. ती ऑनलाइन पाठवण्याचीही सोय आहे; तीन दिवसांत जाऊन सही केली की झाले. गावच्या चावडीत हे मराठीत लिहून लावले, तर किती हेलपाटे वाचतील!

गावावरची ती नजर आज पोलीस पाटलांकडे आहे. त्यांचे पद ठरवणारा महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ चा आहे. गावात कोण नवा आला, कुणाच्या घराला कुलूप आहे, कुठल्या माळावर रात्री टेम्पो थांबतो, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसते. २०२४ मध्ये त्यांचे मानधन ६,५०० वरून १५,००० रुपये झाले, हे चांगलेच झाले. मात्र अनेक गावांत हे पद रिकामे आहे, आणि एका पाटलावर दोन-तीन गावांचा भार आहे. ही पदे भरली जावीत. बंद घरांची एक वही प्रत्येक पोलीस पाटलाकडे असावी: कोणते घर कधीपासून कधीपर्यंत बंद, मालकाचा फोन कोणता, किल्ली कुणाकडे. महिन्यातून एकदा दारावरून फेरी मारून त्या वहीत तारीख टाकली, तरी गणपतीला उघडणाऱ्या घराची चोरी ज्येष्ठातच लक्षात येईल.

पोलीस कायद्याच्या कलम ६३-ब मध्ये ग्रामसुरक्षा दलाची तरतूद आहे. काही जिल्ह्यांत ग्रामसुरक्षा यंत्रणाही चालते: गावातल्या एकाने ठरलेल्या नंबरवर फोन करून चार शब्द बोलले, की तोच आवाज गावातल्या सगळ्या फोनांवर एकाच वेळी वाजतो. वस्तीवर एकट्या राहणाऱ्या कुटुंबाला याचा मोठा आधार असतो. ११२ ची गाडी यायला रस्त्याचे अंतर लागते. शेजारच्या वस्तीवरची माणसे पाच मिनिटांत येतात.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. रात्री जागणारे गाव आणि पिसाळलेला जमाव यांच्यात अंतर फार थोडे असते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून ठेचून मारले गेले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे, चोर फिरताहेत अशा अफवांच्या दिवसांत, दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक यांचा जमावाने जीव घेतला. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाडा, पुणे आणि नगरकडच्या गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालू लागले, आणि चोर टेहळणी करताहेत या भीतीने माणसे काठ्या घेऊन रस्त्यावर बसू लागली. त्या दिवसांत अनोळखी माणसाने संध्याकाळनंतर गावात शिरणे धोक्याचे होते. ग्रामसुरक्षा दल उभे करायचे, तर पहिल्या दिवसापासून त्याला शिकवावे लागेल की थांबवायचे, विचारायचे, फोटो काढायचा, ठाण्याला कळवायचे. हात उचलायचा नाही. दलाचे ओळखपत्र, नावांची यादी आणि त्या यादीची जबाबदारी ठाण्याकडे असावी.

याच ओघात संशयितांच्या यादीबद्दल. इंग्रजांनी १८७१ मध्ये काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणूनच या समाजांना विमुक्त म्हणतात. पण शिवारात चोरी झाली की पहिली गाडी अजूनही पारध्यांच्या पालाकडे वळते, असे त्या समाजातले लोक सांगत आले आहेत. हा अन्याय तर आहेच, शिवाय तो तपासही वाया घालवतो. ज्याने बंधाऱ्याचे बर्गे उचलले त्याच्याकडे टेम्पो आहे, गॅस कटर आहे आणि घेणारा व्यापारी ठरलेला आहे. ज्याच्याकडे एक पाल आणि दोन कोंबड्या आहेत, त्याच्या दारात हे सापडणार नाही.

सापडेल ते भंगारात. चोरीच्या केबलची रबरी साल जाळून तांबे मोकळे करतात. ओढ्याच्या कडेला, पडक्या खाणीत जळकी राख आणि वितळलेला रबर दिसतो, त्याची माहिती गुराख्याला असते, ठाण्याला नसते. जळलेले तांबे, कापलेले बर्गे, फोडलेल्या मोटारीची बॉडी ही सगळी कुठेतरी तोलली जाते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तो धंदाच करणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत. प्रामाणिक भंगारवाल्याला याचा जाच होऊ नये. त्याला एक नोंदवही द्यावी, विकणाऱ्याचे नाव, फोन आणि वस्तूचा फोटो एवढेच. जळके तांबे आणि शेतीची मोटार बिननोंदीने घ्यायची नाही, असा तालुक्याचा दंडक पडला, तर रात्री केबल कापणाऱ्याला सकाळी गिऱ्हाईक मिळणार नाही.

मात्र सापडलेली मोटार कुणाची, हे कसे ठरवायचे? पंचवीस मोटारी पकडल्या जातात, ठाण्याच्या आवारात ओळीने मांडल्या जातात, शेतकरी येऊन बघतात, आणि सगळ्या सारख्याच दिसतात. जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थ इथल्या राम मंदिरातल्या मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीला गेल्या. दोनेक महिन्यांनी त्या परत मिळाल्या, तेव्हा त्या आपल्याच आहेत हे सांगायला गावाला क्षणही लागला नाही. मूर्तीला चेहरा असतो. मोटारीला तो द्यावा लागतो.

आपल्या आज्यांना हे कळत होते. लग्नात भांडे दिले की त्यावर नाव घातल्याशिवाय ते घरात येत नसे. कासाराकडे बसून कोरून घेतलेले नाव, गाव, तारीख. त्या भांड्याचा मालक पन्नास वर्षांनीही सांगता येतो. जनावरांच्या बाबतीत सरकारनेही तेच केले: कानात बारा अंकी पिवळा बिल्ला, आणि १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय बाजारात खरेदी-विक्री नाही. गाईला नंबर देता येतो, तर मोटारीला का नाही? लोखंडावर आकडे उठवणारे पंच फॅब्रिकेशनच्या दुकानात असतात. गट क्रमांक आणि गावाचे नाव मोटारीच्या बॉडीवर, पंपावर, स्टार्टरच्या पेटीवर, ट्रॉलीच्या साट्याला, बंधाऱ्याच्या प्रत्येक बर्ग्यावर उठवावे. केबलवर दर दहा फुटांना तापल्या खिळ्याने खूण करावी. कंपनीच्या पट्टीवरच्या नंबरचा फोटो मोबाइलमध्ये असावा, आणि त्याची एक प्रत मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाइलमध्येही. पोलीस स्थापना दिनाचा सप्ताह दर वर्षी २ जानेवारीपासून असतो. त्या आठवड्यात शाळांमध्ये शस्त्रांची प्रदर्शने भरतात, तशी गावोगावी मोटारींवर नंबर उठवण्याची शिबिरे भरवता येतील. जानेवारीत मोटारी चालूच असतात. पाण्यात सोडलेली मोटार वर काढावी लागणार नाही, विहिरीवर येऊन पेटी आणि केबल तरी खुणावता येईल. पाण्यातली मोटार दुरुस्तीला वर येईल तेव्हा रिवाइंडिंगवाल्याने नंबर उठवावा.

तरुणांना कुंपणाबद्दलही सांगितले पाहिजे. चोरासाठी आणि डुकरांसाठी म्हणून काही जण तारेत थेट लाइट सोडतात. त्यात मरतो तो सकाळी गवताला आलेला शेजारी, नाहीतर स्वतःचीच म्हैस. मग चोरीचा बळी ठरलेला माणूस मनुष्यवधाच्या गुन्ह्यात आरोपी होतो.

आणि राखणदारांचा विसर पडू नये. २४ मार्च २०१२ रोजी रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरचा सुवर्णगणेश दरोड्यात लुटला गेला, तेव्हा मंदिराच्या दोन पहारेकऱ्यांची हत्या झाली होती. सोन्याची चर्चा अनेक वर्षे झाली. गावातला रखवालदार अजूनही एक काठी, एक बॅटरी आणि तुटपुंज्या पगारावर रात्रभर एकटा बसतो. ज्या देवस्थानात, ज्या सोसायटीच्या गोदामात मोल आहे, तिथे दोन माणसे आणि ठाण्याशी जोडलेली घंटा, एवढे तरी बंधनकारक व्हावे.

शेवटची मागणी सापडलेल्या मालाची. चोर सापडतो, मोटार सापडते, आणि ती मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या मागे चिंचेखाली पावसात पडते. खटला संपेपर्यंत तिचे बेअरिंग धरलेले असते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ प्रमाणे माल न्यायालयापुढे आल्यावर चौदा दिवसांत त्याचे विवरण करायचे, फोटो आणि चित्रफीत काढायची, आणि पुढच्या तीस दिवसांत त्याच्या विल्हेवाटीचा आदेश व्हायचा. पुराव्यासाठी फोटो पुरतो. काही जिल्ह्यांत पोलीस समारंभ करून माल परत देतात, ते स्तुत्यच आहे. पण शेतीच्या मोटारीने समारंभाची वाट पाहू नये. गुन्ह्याच्या तपासात काय झाले, हे फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवण्याचे बंधनही कलम १९३ मध्ये आहे. त्या नव्वद दिवसांत गहू पेरून, वाढून, ओंबीवर आलेला असतो.

येत्या रब्बीत पहिल्या पाण्याच्या पाळ्या सुरू होण्याआधी हे परिपत्रक ठाण्यांपर्यंत पोहोचावे, अशी विनंती आहे. केबल गेलेला शेतकरी सकाळी बाकावर येऊन बसेल, तेव्हा ठाणे अंमलदाराने केबलचे फूट विचारावेत, बिल विचारावे, किंमत विचारावी. मग पेन न ठेवता विचारावे, रानात काय आहे, आणि पाणी कुठवर आले होते?

कळावे.

आपला,
गावाकडचा एक नागरिक